मेलेल्यांचीही उलटतपासणी करावी लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे: एडगर ली मास्टर्स या अमेरिकन कवीचं 'स्पून रिव्हर अँथॉलॉजी' (एका लहान गावातले मृत थडग्यातून आपापली कहाणी सांगतात, अशा कवितांचा संग्रह) वाचायला घेतलं, पण तीस-चाळीस कवितांनंतर सगळे मृत एकाच सुरात बोलताहेत असं वाटू लागलं. नावं लक्षात राहिनात. ओळी तोडून लिहिलेलं हे गद्यच तर नाही ना, अशीही शंका आली. शिवाय अभिवाचनासाठी यातलं काय निवडावं? मी अमेरिकन कविता बरीच वर्षं शिकवत आलो आहे, आणि या पुस्तकाची अभिवाचनंही बसवली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अडचण बहुधा इथे आहे की तुम्ही प्रत्येक कवितेला स्वतंत्र व्यक्तिचित्र समजून वाचत आहात. तसं वाचलं तर कुणाचीही दमछाक होईल. हे पुस्तक एका वकिलाने लिहिलेलं आहे आणि त्यातली प्रत्येक कविता ही एक जबानी आहे. एकट्या जबानीवरून काहीच ठरत नाही. दुसरी समोर आली की पहिलीतले वाक्यन्‌वाक्य बदलतं. म्हणून एका बैठकीत एकच प्रकरण वाचा, आणि शेवटच्या साक्षीदारापर्यंत पोचलात की पहिल्याकडे परत या.

पहिली कविता 'द हिल' मात्र आधी वाचून घ्या. एल्मर, हर्मन, बर्ट, टॉम आणि चार्ली कुठे आहेत, असं तिथे विचारलं जातं. एक तापाने गेला, एक खाणीत जळाला, एक मारामारीत मेला, एक तुरुंगात, आणि एक बायकापोरांसाठी राबताना पुलावरून पडला. सगळे टेकडीवर झोपलेत. मग एला, केट, मॅग, लिझी, ईडिथ. गाव आपल्या माणसांची आठवण अशीच ठेवतं, माणशी एक ओळ. पुढच्या दोनशेहून अधिक कवितांत तिथले मृत स्वतः बोलायला लागतात आणि तशा एकेका ओळीत काय काय दडपलं गेलं होतं ते बाहेर येतं. आपल्याकडे बहुतेक घरांत दहन होतं, त्यामुळे गावाशेजारी टेकडीवर नावानिशी वसलेलं मृतांचं दुसरं गाव ही कल्पना आपल्याला मुद्दाम डोळ्यांसमोर आणावी लागते. तिथे सावकार आणि त्याने बुडवलेला माणूस, नवरा आणि त्याला घराबाहेर काढणारी बायको, हे सगळे कायमचे शेजारी झालेले असतात.

आता मिनर्व्हा जोन्सचं प्रकरण घ्या. या पाच कविता सलग आहेत.

मिनर्व्हा ही गावची कवयित्री. अवजड शरीर, तिरळा डोळा, डुलत चालणं, म्हणून रस्त्यावरची टवाळ माणसं तिची टर उडवतात. 'बुच' वेल्डी तिचा पाठलाग करून तिला गाठतो. बलात्कार हा शब्द कवितेत नाही, पण दुसरा अर्थ निघत नाही. मग ती डॉ. मेयर्सच्या हाती पडते आणि मरते; गर्भपात हा शब्दही कवितेत नाही, पण अर्थ तोच. पायांपासून वर बधिर होत गेले, बर्फाच्या प्रवाहात खोल खोल उतरल्यासारखी, असं ती सांगते. शेवटी तिचं मागणं एवढंच: कुणी गावच्या वर्तमानपत्राकडे जाऊन माझ्या कविता गोळा करून त्यांचं पुस्तक कराल का?

दुसरी जबानी तिच्या बापाची, 'इंडिग्नेशन' जोन्सची. हा सुतार. आपण चांगल्या वेल्श घराण्यातले, हे तो पहिल्याच ओळीत ठणकावतो. थोडं मक्याचं पीठ आणि पाच सेंटचं बेकन आणायला सकाळी फळ्यांच्या फुटपाथवरून जाताना वाजणारी त्याची पावलं आता गावाला ऐकू येत नाहीत, एवढाच त्याच्या जाण्याचा हिशेब. तिसरे डॉक्टर. गावातल्या ज्यांना पैसे देता येत नव्हते ते सगळे माझ्याकडे यायचे, ते म्हणतात. एका रात्री मिनर्व्हा रडत आली, मी मदत करायला गेलो, ती मेली. माझ्यावर खटला भरला, वर्तमानपत्रांनी अब्रू घेतली, बायको दुःखाने खचून मेली, आणि न्यूमोनियाने माझा निकाल लावला. वाचताना आपण पूर्णपणे डॉक्टरांच्या बाजूचे होतो.

लगेच चौथी जबानी येते, त्याच बायकोची. डॉक्टरांना वाटतं ती आपल्या दुःखात सहभागी होऊन गेली. ती म्हणते, हा जन्मभर सांगत राहिला की मी फक्त मदत केली, पण त्या मदतीनेच आपण माणसाचा आणि देवाचा कायदा मोडला, हे त्या पापात बुडालेल्या जिवाला दिसलं नाही. पुढे ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना देवाच्या आज्ञा पाळायचा उपदेश करते. डॉक्टरांच्या कवितेतला 'मनमिळाऊ सहचारिणी लाभली' हा उल्लेख आता परत वाचा. संसारभर त्यांना आपल्या बायकोच्या मनात काय चाललं होतं याचा पत्ता नव्हता, आणि मेल्यावरही नाही, कारण या टेकडीवरचे मृत एकमेकांचं क्वचितच ऐकतात. ते सगळं आपल्यालाच ऐकवतात. मास्टर्सच्या तंत्राचं मर्म मला इथे दिसतं. मृत माणसाला आता लाभासाठी खोटं बोलायची गरज नाही, गावाची भीती नाही, तरी तो स्वतःच्या बाजूनेच बोलतो. मरणाने त्याची जीभ मोकळी झाली, नजर झाली नाही. ही जाण ज्या दिवशी येते त्या दिवसापासून हे आवाज सारखे वाटत नाहीत, कारण प्रत्येकाला काय दिसत नाही ते वेगवेगळं असतं.

पाचवा बुच वेल्डी. त्याच्या तोंडून मिनर्व्हाचं नावसुद्धा निघत नाही. धर्माला लागलो, सुधारलो, कॅनिंगच्या, म्हणजे डबाबंद खाद्यपदार्थांच्या, कारखान्यात नोकरी मिळाली, असं सांगून तो सुरुवात करतो. रोज सकाळी खिळखिळ्या शिडीवर चढून, बादल्यांनी गॅसोलिन ओतून टाकी भरायचं काम. कुणीतरी शेगडी पेटती ठेवली, टाकीचा स्फोट झाला, दोन्ही पाय मोडले, डोळे जळून गेले. न्यायाधीश म्हणाले, ज्याने हे केलं तो तुझा सहकामगार होता, म्हणून मालकाने, म्हणजे म्हाताऱ्या ऱ्होड्सच्या मुलाने, काही द्यायचं नाही. आणि हा आंधळा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहतो, 'मी त्याला ओळखतच नव्हतो.'

यातला कायदा खरा आहे. सहकामगाराच्या निष्काळजीपणाने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, हे तत्त्व 1842 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वे कामगाराच्या खटल्यात लावलं आणि पुढे कित्येक दशकं अमेरिकेतल्या जायबंदी कामगारांना त्याने रिकाम्या हाती घरी पाठवलं. मास्टर्सना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. शिकागोत वकिली करताना 1903 ते 1911 या काळात ते क्लॅरन्स डॅरो या नामवंत वकिलाचे भागीदार होते, आणि या कविता लिहिल्या जात होत्या त्या 1914 साली ते वेट्रेसच्या संघटनेची बाजू कोर्टात लढवत होते. बुचच्या कवितेत त्यांनी केलेली गोष्ट धाडसाची आहे. ज्याने मिनर्व्हाचा नाश केला त्याच माणसावर झालेला अन्याय त्यांनी पूर्ण ताकदीने मांडला आहे. त्याच्या अपघाताकडे मिनर्व्हाची शिक्षा म्हणून बघायचा मोह होतो. कविता तशी मुभा देत नाही, कारण मग कोर्टाचा निकालही न्याय्य ठरेल.

आणि तो 'ऱ्होड्सचा मुलगा' लक्षात ठेवा, कारण ऱ्होड्स घराण्याचं प्रकरण सलग नाही, पुस्तकभर विखुरलेलं आहे. टॉमस ऱ्होड्स म्हणजे बँकेचा मालक, चर्चचा आधारस्तंभ. त्याचा मुलगा राल्फ कबूल करतो की मी गव्हाच्या सट्ट्यात बापाची बँक बुडवली, पण बापासाठीही मीच गहू घेत होतो; चर्चमधल्या स्थानामुळे त्याला स्वतःच्या नावावर व्यवहार करता येत नव्हता. तुरुंगात कोण गेलं? रोखपाल जॉर्ज रीस. त्याच्या बायकोची कविता वेगळीकडे आहे. बँक बुडाली ती टॉमस ऱ्होड्स आणि त्याच्या मुलामुळे, हे ती एका वाक्यात सांगून पुढे जाते. पोरांना एकटीने वाढवलं, शिकवलं, जगात धाडलं, आणि त्यासाठी कवी पोपच्या एका वचनाचा आधार घेतला, असं सांगते. आणि म्हातारा ऱ्होड्स? त्याला कसलाही पश्चात्ताप नाही. विचारवंतांनो, तुमचे आत्मे विखरून गेले, आम्ही सोनं साठवणारे शेवटपर्यंत एकसंध राहिलो, असं तो थडग्यातून ऐकवतो. मास्टर्सनी त्याला खाली बघायला लावलं असतं तर ते खोटं झालं असतं.

बेंजामिन पँटियर आणि त्याची बायको हे बहुतेकांचं आवडतं प्रकरण, माझंही. बेंजामिन वकील. बायकोने घराबाहेर काढला म्हणून ऑफिसच्या मागच्या खोलीत कुत्र्याबरोबर राहिला, त्या कुत्र्याशेजारीच पुरला गेला. त्याची कविता वाचून डोळे ओले होतात. मग बायको म्हणते, समजा तुम्ही खरोखर नाजूक अभिरुचीची बाई आहात, व्हिस्की आणि कांद्याच्या वासाने तुम्हाला शिसारी येते, कानात वर्ड्सवर्थ या इंग्रज कवीची 'ओड' घुमते आहे आणि हा माणूस दिवसभर 'मर्त्य जिवाने गर्व का करावा' ही बाजारू कविता घोकतो आहे. आणि कायद्याने व नीतीने शरीरसंबंधाची परवानगी आहे ती फक्त ह्याच पुरुषाशी. सभ्य समाजात ज्याबद्दल बोललं जात नव्हतं ते ती सरळ बोलते. औषधवाला ट्रेनर पुढे येऊन निवाडा देतो: दोघंही आपापल्या जागी चांगली, एकमेकांसाठी वाईट, तो ऑक्सिजन, ती हायड्रोजन, आणि मुलगा म्हणजे सगळं भस्म करणारी आग. हे पटतं, पण ट्रेनर स्वतः अविवाहित राहिला आणि प्रयोग करताना मेला, हेही तोच सांगतो. लांबून बघणाऱ्याचा निवाडा किती मानायचा ते तुम्ही ठरवा. त्या 'आगी'चं, रूबेनचं, पुढे काय झालं ते वाचायला एमिली स्पार्क्स या शिक्षिकेची कविता आणि रूबेनची स्वतःची कविता जोडीने वाचा. पुस्तकातल्या सर्वांत कोवळ्या दोन कविता त्या.

ती बाजारू कविता ज्या माणसाला तोंडपाठ होती त्याचं नाव अब्राहम लिंकन. मिसेस पँटियर जिला हसते ती त्यांची अतिशय लाडकी कविता होती. मास्टर्स वाढले ते इलिनॉयमधल्या पीटर्सबर्ग आणि लुइसटाउन या दोन गावांत, आणि लिंकन तरुणपणी राहिले ते न्यू सेलम पीटर्सबर्गला लागूनच आहे. स्पून रिव्हर ही नदी खरी आहे, लुइसटाउनजवळून वाहते; त्या नावाचं गाव मात्र या दोन गावांच्या आठवणीतून उभं केलेलं आहे. ॲन रटलेज ही लिंकनची तरुणपणची प्रेयसी म्हणून सांगितली जाते. तिच्या प्रेमकथेबद्दल इतिहासकारांत वाद आहेत, पण मास्टर्सनी तिच्या तोंडी घातलेली कविता 1921 मध्ये पीटर्सबर्गच्या ओकलंड दफनभूमीत तिच्या थडग्याच्या दगडावर कोरली गेली. कवीने रचलेले मृताचे शब्द खऱ्या दगडावर गेले. पुढे याच कवीने 1931 साली लिंकनचं अत्यंत विरोधी चरित्र लिहिलं, आणि स्वतः 1950 मध्ये गेल्यावर त्याच दफनभूमीत विसावला.

खरे दगड किती खरं बोलतात, यावर रिचर्ड बोन या पाथरवटाची कविता आहे, ती चुकवू नका. गावात नवा होतो तेव्हा लोक सांगतील ते कोरायचो, तो म्हणतो, खरं की खोटं मला माहीत नव्हतं. पुढे माणसं कळली, मजकूर किती खरा ते कळलं, तरी पैसे मिळतील ते कोरत राहिलो. सत्य न जाणता किंवा दबावाखाली ते लपवून लिहिणाऱ्या इतिहासकारासारखाच मीही त्या खोट्या नोंदींत सामील झालो. सगळ्या संग्रहाची चावी मला या कवितेत सापडते.

आता, ही कविता आहे का. मास्टर्स आधी अनेक वर्षं वृत्तबद्ध कविता लिहीत होते आणि त्या कुणी फारशा वाचल्या नाहीत. सेंट लुइसच्या 'रीडीज मिरर' या साप्ताहिकाचे संपादक विल्यम मॅरियन रीडी यांनी त्यांना 'ग्रीक अँथॉलॉजी'तल्या लघुकवितांचा अनुवाद वाचायला दिला. त्या प्राचीन संग्रहाचा एक अख्खा भाग थडग्यांवरच्या ओळींचा आहे. बुडालेला खलाशी, बाळंतपणात गेलेली मुलगी चार-सहा ओळींत वाटसरूला हाक मारतात. 1914 च्या वसंतात मास्टर्सची आई शिकागोला आली, दोघांनी जुन्या गावातल्या माणसांच्या आठवणी काढल्या, आणि ती परत गेल्यावर 'द हिल' लिहिली गेली. मे 1914 पासून या कविता 'वेब्स्टर फोर्ड' या टोपणनावाने 'मिरर'मध्ये येऊ लागल्या, 1915 मध्ये पुस्तक झालं, 1916 मध्ये वाढवलेली आवृत्ती आली.

ओळ सुटी काढून पाहिली तर ती पुष्कळदा कोरडी आहे, हे मान्य करायला हवं. कोर्टात नोंदवलेल्या जबानीची भाषा तशीच असते. कविता घडते ती शेवटच्या दोन-तीन ओळींच्या वळणावर आणि दोन जबान्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत. पेटिट नावाच्या कवीची कविता वाचा म्हणजे मास्टर्सनी काय टाकून दिलं ते कळेल. वाळक्या शेंगेत बिया खुळखुळाव्यात तशी आयुष्यभर ट्रायोलेट, व्हिलानेल, रोंडेल अशा ठरावीक साच्यांच्या कवितांची यमकं जुळवत बसलो, गावातली सगळी शोकांतिका, शौर्य, प्रेम समोर होतं, पाइनच्या झाडांतून होमर आणि व्हिटमन गर्जत होते, असं तो म्हणतो.

पुस्तकाचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका आवडत नाही. मास्टर्सनीच सांगितलं आहे की रचना दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यासारखी आहे: आधी मूर्ख, दारुडे आणि अपयशी, मग मधली माणसं, शेवटी वीर आणि ज्ञानी. हे ज्ञानी लोक प्रवचन देतात. ज्यांना काहीच कळलेलं नाही ते जास्त जिवंत वाटतात. अपवाद ल्युसिंडा मॅटलॉकचा. ही कवीच्या खऱ्या आजीवरून बेतलेली. सत्तर वर्षांचा संसार, बारा मुलं, साठी गाठण्याआधी त्यातली आठ गेली, तरी शहाण्णवाव्या वर्षी पुरे म्हणून शांतपणे डोळे मिटले, आणि आता तरुणांच्या कुरकुरीवर ती डाफरते. पूर्वार्धातला फिडलर जोन्सही तसाच. चाळीस एकरांनी सुरुवात, चाळीस एकरांवरच शेवट, मोडकं फिडल (व्हायोलिन), हजार आठवणी, आणि खंत एकही नाही. त्याच्या शेजारी कूनी पॉटरला ठेवा, ज्याने चाळीस एकरांपासून हजारो एकरांची हाव धरली.

लुइसटाउनच्या लोकांनी हे पुस्तक माणसं ओळखत वाचलं आणि ते दुखावले. गावच्या ग्रंथालयाने ते कित्येक दशकं ठेवलं नाही. ज्या आईच्या गप्पांतून ते जन्मलं ती ग्रंथालयाच्या मंडळावर होती आणि तिनेही विरोधात मत दिलं, असं सांगितलं जातं. मला त्या गावकऱ्यांचा राग येत नाही. ज्यांच्या मेलेल्या आजोबांना कुणीतरी परस्पर बोलतं केलं, त्यांना उत्तर द्यायची संधीच नव्हती. वकिलाने लिहिलेल्या पुस्तकाबद्दल ही तक्रार गंभीर आहे, आणि पुस्तकाचं प्रेम असणाऱ्यांनी ती झटकून टाकू नये.

अभिवाचनाबद्दल. बारा ते पंधरा कविता पुरतात. 'द हिल' सगळ्यांनी मिळून वाचा. मग मिनर्व्हाच्या पाच, पँटियरच्या पाच (बेंजामिन, बायको, रूबेन, एमिली, ट्रेनर), आणि एल्सा वर्टमन व हॅमिल्टन ग्रीन ही जोडी. एल्सा ही जर्मनीहून आलेली मोलकरीण. मालकापासून झालेला तिचा मुलगा मालकिणीने स्वतःचा म्हणून वाढवला. मोठा होऊन त्याचं भाषण ऐकताना ती रडते, लोकांना वाटतं वक्तृत्वाने भारावली. लगेच हॅमिल्टन उभा राहतो आणि कल्पकता, भाषा, चैतन्य हे सगळं आपल्याला व्हर्जिनियाच्या खानदानी आईकडून मिळालं, असं अभिमानाने सांगतो. हॅमिल्टन वाचणाऱ्याने मनापासून, खऱ्या अभिमानाने वाचायला हवं. त्याला सत्य माहीत असल्याची जराशी छटा आली तरी कविता कोसळते.

यी बो या चिनी माणसाची कविताही घ्या. गाव त्याला रविवारच्या शाळेत घालून कन्फ्यूशियसऐवजी येशूकडे वळवू पाहतं, आणि धर्मोपदेशकाचाच मुलगा एका ठोशात त्याच्या बरगड्या फुप्फुसांत घुसवतो. आता पेकिंगमध्ये पूर्वजांशेजारी झोपणं नाही, थडग्यावर पूजा करायला मुलं नाहीत, हे त्याचं दुःख आपल्याकडच्या श्रोत्यांना समजावून सांगावं लागत नाही.

अनुवाद करताना गावाला कोकणात किंवा देशावर आणू नका, नावं बदलू नका. इटलीत फर्नांदा पिवानो यांचा अनुवाद 1943 मध्ये, फॅसिस्ट राजवटीत, छापला गेला, आणि 1971 मध्ये फाब्रित्सिओ दे आंद्रे यांनी त्यातल्या काही कवितांवरून गाण्यांची अख्खी तबकडी केली. पिवानो यांच्या अनुवादातही टेकडी इलिनॉयचीच राहिली. वाचकांना रडका किंवा भुताटकीचा आवाज काढू देऊ नका, पार्श्वसंगीत शक्यतो टाळा. प्रत्येकाने आधी नाव उच्चारावं, साक्षीदार उच्चारतो तसं, आणि थेट श्रोत्यांकडे बघून बोलावं. डॉ. मेयर्स आणि मिसेस मेयर्स यांना शेजारी बसवा, पण दोघांनी एकमेकांकडे एकदाही बघायचं नाही. तालमीत ही शिस्त सांभाळायला सर्वांत जास्त वेळ लागतो, तो आधीपासून धरून ठेवा.